शेवटचा रकाना

आमच्या दवाखान्याचं शाळा-तपासणीचं कार्ड हिरवं असतं. एका बाजूला मुलाचं नाव, इयत्ता, रक्तगट. दुसऱ्या बाजूला रकाने. उंची, वजन, डोळे, दात, कान-नाक-घसा, छाती, त्वचा. सगळ्यात खालचा रकाना मुलींच्या कार्डावर पाळीचा असतो आणि मुलांच्या कार्डावर जननेंद्रियांचा. मुलींचा रकाना मी भरायचे, एकेकीला जवळ घेऊन, हळू आवाजात विचारून. मुलांचाही मीच भरायचे. फक्त तो आदल्या दुपारी भरायचे, एकाही मुलाला न बघता.

हे वाचून कुणाला धक्का बसला तर बसू दे. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या कुणालाच वाटत नव्हतं. मुलुंडमधला एक लहानसा धर्मादाय दवाखाना आहे, त्यात मी नर्स. दिवाळीची सुट्टी संपली की आमचा शाळांचा हंगाम सुरू होतो. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या शाळा, दर शाळेला एक सकाळ. डॉक्टर एकच, सत्तरीकडे झुकलेले, स्वभावाने चांगले आणि कायम घाईत. शाळेच्या हॉलमध्ये दोन टेबलं, एक वजनकाटा, भिंतीला डोळ्यांचा तक्ता, आणि तीनशे मुलं साडेबारापर्यंत संपवायची. 'संपवायची' हा आमचाच शब्द.

पहिल्या वर्षी मी डॉक्टरांना विचारलं होतं, मुलांच्या या शेवटच्या रकान्याचं काय करायचं. तपासायचं तर बंद खोली हवी, पडदा हवा, पालकांची परवानगी हवी. शाळा खोली द्यायला तयार नव्हती, कारण खोली दिली की बाहेर मुलं खिदळणार आणि आत काय चाललंय म्हणून पालकांचे फोन येणार. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "सिस्टर, तिथे एन घालून टाका. आधीच घाला, म्हणजे लाइन अडणार नाही."

एन म्हणजे नॉर्मल. तेव्हापासून तपासणीच्या आदल्या दुपारी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे यायचा आणि मी एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने एन घालत सुटायचे. माझा एन जरा वेगळा आहे. शेवटची रेघ मी वर नेते आणि तिला एक छोटा आकडा काढते, शाळेत असताना लागलेली सवय. शंभर-दीडशे एन झाले की हात दुखायचा. पुढे माझ्या हाताखाली एक नवी मुलगी आली, तेव्हा तिलाही मीच शिकवलं की मुलांची कार्डं वेगळी काढ, शेवटचा रकाना आधी उरकून घे, सकाळी तेवढाच ताप कमी होतो. तिने काहीच विचारलं नाही. मी तरी पहिल्या वर्षी विचारलं होतं, एवढंच काय ते माझ्या बाजूने सांगता येईल.

तपासणी उरकली की माझं खरं काम सुरू व्हायचं. मुलींचं सेशन. ते मी वर्षभर करते, तपासणी असो वा नसो. पीटीचे सर शिट्टी वाजवून मुलांना मैदानावर काढायचे, मग हॉलचं दार लागायचं आणि मी तक्ता टांगायचे. पाळी का येते, पॅड कसं बदलायचं, पोटात कळ आली तर काय करायचं, कुणी नको तिथे हात लावला तर कुणाला सांगायचं. हे काम मी मनापासून केलं आणि मला त्याचा अभिमान होता. आम्हाला आमच्या वेळी कुणी काही सांगितलं नव्हतं, या मुलींचं तसं व्हायला नको, असं मी दरवेळी म्हणायचे. मुलं तेवढ्या वेळात मैदानावर काय करत असतील याचा मी बारा वर्षांत विचार केला नाही. बाहेरून ओरडण्याचा आवाज यायचा. ओरडतायत म्हणजे बरी आहेत, असं मी धरून चालले होते.

त्या शाळांमधली एक माझ्या मुलाची शाळा होती.

सातवीत गेल्यावर त्याने माझ्याशी एक करार केला. मी तपासणीला त्याच्या शाळेत आले तर त्याला हाक मारायची नाही, त्याच्याकडे बघून हसायचं नाही, डब्याबद्दल तर मुळीच बोलायचं नाही. मी हसून हो म्हटलं. सगळ्या आया हसून हो म्हणतात. पुढे केव्हातरी शेजारणीच्या मुलाकडून कळलं की वर्गातली पोरं मला पॅडवाली म्हणतात आणि त्याला पॅडवालीचा. मी घरी आल्यावर म्हटलं, अरे यात लाजण्यासारखं काय आहे, चांगलं काम आहे ते. तो उठून आत गेला. मी माझ्या चांगल्या कामाबद्दल त्याच्या बंद दाराला आणखी थोडं ऐकवलं आणि कणीक मळायला घेतली.

त्याच्याशी कुणी बोलायचं हा प्रश्न घरात निघाला नव्हता असं नाही. मी नवऱ्याला सांगितलं होतं, मुलगा वयात येतोय, तू बोल. तो म्हणाला, बोलतो. नवरा पवईच्या एका ऑफिस संकुलात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. तीस मजल्यांच्या वायरिंगमधला बिघाड तो बसल्या जागी सांगेल. सासरे गिरणीत होते, कोकणातून आलेले, मुलांशी त्यांचं बोलणं म्हणजे हाक मारणं आणि रागावणं. त्यामुळे नवऱ्याने 'बोलतो' म्हटलं याचंच मला कौतुक वाटलं. सहा महिन्यांनी विचारलं तर म्हणाला, झालं. काय झालं होतं, तर त्याने मुलाच्या बेडवर दाढीचं सामान ठेवलं होतं. क्रीम, ब्रश, रेझर, एका पिशवीत घालून. मुलाने ती पिशवी कपाटात ठेवली. आमच्या घरातलं आरोग्यशिक्षण ते एवढंच.

मग ऑगस्टमधला एक गुरुवार आला. तो दहावीत होता. साडेसहाला क्लासला जायला उठला, बाथरूममध्ये गेला आणि त्याला उलटी झाली. बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक. म्हणाला, पोटात दुखतंय. मी त्याला सोफ्यावर आडवं केलं आणि नेमकं कुठे ते विचारलं. त्याने बेंबीखाली हात ठेवला आणि म्हणाला, "इथे. खाली."

मी नर्स, त्यामुळे मला आधी अपेंडिक्स आठवलं. उजवीकडे दाबून सोडलं, तो कळवळला नाही. पोट मऊ होतं. आदल्या संध्याकाळी त्याने क्लासच्या बाहेर शेवपुरी खाल्ली होती. झालं, माझं निदान पक्कं. मी पोटदुखीची गोळी दिली, मीठ-साखरेचं पाणी करून ठेवलं, क्लासला जाऊ नकोस म्हटलं. त्याने 'खाली' म्हटलं होतं. बारा वर्षं मी मुलींना शिकवत होते की कुठे दुखतंय ते शब्दात सांगा, आणि माझ्या मुलाकडे त्या जागेसाठी 'खाली' एवढाच शब्द होता. तोही त्याने उच्चारला, आणि मी बेंबीच्या चार बोटं खाली थांबले.

त्या दिवशी माझं घाटकोपरच्या एका शाळेत सेशन होतं. रद्द करता आलं असतं. मी गेले. सत्तरेक मुली जमिनीवर बसल्या होत्या, बाहेर पोरांचं क्रिकेट चाललं होतं. मी नेहमीसारखं सांगितलं की शरीराबद्दल बोलायला लाजायचं नाही, काहीही वेगळं वाटलं तर घरी येऊन आईला सांगायचं. ही वाक्यं मी इतक्यांदा म्हटली आहेत की म्हणताना मला दुसऱ्याच गोष्टींचा विचार करता येतो. त्या दिवशी मी भाजी कुठली न्यायची याचा करत होते.

अकराला फोन केला. तो म्हणाला बरं आहे. उलटी झाली का विचारलं तर म्हणाला, एकदा. झोप, म्हटलं.

दोनला घरी पोचले तर तो कुशीवर पडला होता, गुडघे छातीशी घेऊन. उशी घामाने ओली झाली होती. मी पोटाला हात लावायला गेले तर त्याने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की मला दुखलं. म्हणाला, "तू नको. बाबांना बोलाव."

कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. अर्धंमुर्धं कळलं होतं. दवाखान्यात असा एखादा मुलगा आला असता तर मी त्याचं काही ऐकलं नसतं, तिथल्या तिथे रिक्षात घातला असता. पण हा माझा मुलगा होता आणि तो नको म्हणत होता, आणि मलाही कुठेतरी हायसं वाटलं की मला बघावं लागणार नाही. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी नवऱ्याला फोन केला आणि त्याची वाट बघत बसले. तो गांधीनगरच्या सिग्नलला अडकला होता. सव्वाचार वाजता आला. खोलीत गेला, दार लावलं, दोन मिनिटांनी बाहेर आला. मान खाली घालून म्हणाला, "अगं, खाली सुजलंय त्याला. एका बाजूला. काळंनिळं झालंय."

रिक्षात बसेपर्यंत माझे तास मोजून झाले होते. अंडकोषाला पीळ पडला की रक्त पोचत नाही. आम्हाला शिकताना हे अर्ध्या पानात होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही असेल.

सर्जन तरुण होता. सोनोग्राफी बघून त्याने वेळ घालवला नाही, कागद पुढे केले. डावीकडचं बहुतेक काढावं लागेल, उजवीकडचं टाके घालून पक्कं करू, म्हणजे तिथे असं होणार नाही. पहिल्या सहा तासांत मुलं आली तर बहुतेक वेळा वाचतं, म्हणाला. आम्ही अकराव्या तासाला आलो होतो. मग त्याने विचारलं की आधी कधी असं दुखलं होतं का. मी लगेच म्हटलं, नाही. स्ट्रेचरवरून मुलगा म्हणाला, "दोनदा."

सर्जनने माझ्याकडे बघितलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

डावीकडचं काढलं.

आम्ही घरी येण्याआधीच नवऱ्याने ठरवून टाकलं होतं की अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं असं सांगायचं. मी विचारलं, का. तो म्हणाला, उद्या लग्नाच्या वेळी अडचण नको. मुलगा पंधरा वर्षांचा होता, धड उठून बसत नव्हता, आणि याच्या डोळ्यांपुढे मांडव. मी चिडले, ओरडले, म्हणाले की डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, एकाने सगळं होतं, पोरंबाळं सगळं. तो म्हणाला, "ते डॉक्टर सांगतात. लोक डॉक्टर आहेत का?" तेवढ्यात चाळीत राहणाऱ्या नणंदेचा फोन आला आणि तिला मी स्वतःच्या तोंडाने अपेंडिक्स सांगितलं.

मग नातेवाईक आले. मोसंबी आली, शहाळी आली. सांताक्रूझहून आलेल्या मावससासऱ्यांनी शर्ट वर करून स्वतःच्या अपेंडिक्सचा व्रण दाखवला आणि मुलाला म्हणाले, दाखव बघू तुझा. तो म्हणाला, बँडेज आहे. त्याच्या कमरेवर चादर होती ती त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. पाहुणे जाईपर्यंत त्याने ती सोडली नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच घरी होतो. मी त्याला पेज दिली आणि समोर बसले. मला विचारायचं होतं आणि विचारायची भीतीही वाटत होती. शेवटी विचारलं, दोनदा दुखलं होतं तर सांगितलं का नाहीस. रागाने विचारलं नव्हतं, पण माझा आवाज मला ओळखीचा आहे, त्यात थोडा राग होताच.

तो पेज ढवळत राहिला. म्हणाला, पहिल्यांदा सातवीत झालं होतं, फुटबॉल खेळताना, बॉल लागला असेल असं वाटलं. दुसऱ्यांदा नववीत, तुमच्या तपासणीच्या आठवड्यात. दहा-पंधरा मिनिटं जीव गेला आणि मग आपोआप थांबलं. त्याने मोबाइलवर बघितलं होतं, पण तिथे पहिल्याच ओळीत कॅन्सर आलं म्हणून बंद केलं. मग ठरवलं की तपासणीला डॉक्टरांना विचारायचं. हळूच, कानात. मी तेव्हा मुलींच्या टेबलावर असणार हे त्याला माहीत होतं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. लाइनमध्ये उभा होतो. कार्ड हातात होतं. सगळे रकाने रिकामे आणि शेवटचा भरलेला." त्याने चमचा खाली ठेवला. "तुझा एन होता, आई. तुझा एन मला कळतो ना. माझ्या सगळ्या वह्यांवर तूच नावं घातलीयस. मला वाटलं, आईला माहितीये. असं होतं सगळ्यांना. नॉर्मल असतं."

मी म्हटलं, "अरे, ते सगळ्यांच्याच कार्डावर होतं."

"मला कसं माहीत?" तो म्हणाला. "मी फक्त माझंच बघितलं."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला उत्तर देता आलं असतं. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मला रडू येत नव्हतं. मला स्वतःची किळस येत होती, हातासकट. ते कार्ड तपासणीनंतर पालकांच्या सहीसाठी घरी आलं होतं, हेही तेव्हाच आठवलं. मी पोळ्या लाटत होते. पिठाच्या हातांनी मी त्यावर सही केली होती.

मी कामावर परत गेले तेव्हा डॉक्टरांसमोर बसून सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मग मी म्हटलं की यंदापासून मी तो रकाना भरणार नाही, एक तर तपासा नाहीतर रिकामा सोडा, आणि मला प्रत्येक शाळेत मुलांबरोबर वीस मिनिटं हवीत. जास्त काही नाही. तिथे अचानक दुखलं, उलटी झाली, तर लपवायचं नाही, क्लास सोडायचा, परीक्षा सोडायची, त्याच तासाला मोठ्या माणसाला सांगायचं. आणि कधी गाठ लागली, सूज आली, तर तेही सांगायचं. डॉक्टर म्हणाले, तुमचं दुःख मी समजू शकतो, पण अशी एखादीच केस असते. मी म्हटलं, हो, ती माझ्या घरी आहे.

मी चार शाळांना पत्रं दिली. एका शाळेत मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या की मुलांना असलं काही सांगितलं की ती नको ते विचारतात. दुसरीने कळवलं की विषय पीटीच्या सरांकडे सोपवला आहे. त्या सरांनी मुलांना उन्हात उभं करून तंबाखू, मोबाइल आणि आईवडिलांचा मान यावर भाषण दिलं. तिसऱ्या शाळेने मला बोलावलं, पण बाईंपुढे मुलं मोकळी होणार नाहीत म्हणून एखादा पुरुष आणा म्हणाले. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांना वेळ नव्हता. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मी? मी काय सांगणार?" चौथ्या शाळेने उत्तर दिलं नाही. मुलींच्या सेशनसाठी मात्र त्याच आठवड्यात तिचा फोन आला, जमिनीवर सतरंज्या घालून ठेवू का म्हणून.

नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू झाला. मी माझ्या वाटणीच्या कार्डांचा शेवटचा रकाना रिकामा सोडला. पहिल्याच शाळेने गठ्ठा परत पाठवला, कार्डं अपूर्ण आहेत म्हणून. आमच्या व्यवस्थापकांनी मला काही विचारलं नाही. गठ्ठा दुसऱ्या टेबलावर गेला. ते टेबल मी शिकवलेल्या त्या मुलीचं. तिने मान वर न करता तासाभरात उरकला, उजव्या हाताने, डाव्या हातात चहा. मध्येच तिने मनगट झटकलं.

मुलाच्या शाळेत या वर्षी मी गेले नाही. त्यानेच सांगितलं होतं, यार, तू नको येऊस. त्या सकाळचं काम मी माझ्या हाताखालच्या त्या मुलीला दिलं. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर निदान त्याचं कार्ड तरी डॉक्टर हातात घेऊन बघतील. त्यांना सगळं माहीत होतं. माझ्यासमोर बसून त्यांनी ऐकलं होतं. पण दोनशे कार्डांत नाव कोण वाचतं.

संध्याकाळी तो शाळेतून आला, बूट काढले आणि दप्तरातून हिरवं कार्ड काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. वर पेन ठेवलं. मी कार्ड उलटं केलं. उंची गेल्या वर्षीपेक्षा चार सेंटिमीटर जास्त. डोळे, दात, छाती ठीक. शेवटच्या रकान्यात एन. सरळ, साधा, आकडा नसलेला.

"बघ," तो म्हणाला. "नॉर्मल. परत उगवलं वाटतं."

ऑपरेशननंतर त्याने त्या गोष्टीवर केलेला हा पहिला विनोद. तो हसत होता, आणि माझ्याकडे बघत होता, मी हसते का ते. मी हसले नाही. डोकं तडकलं होतं. मी पेन घेतलं, तो एन खोडला आणि त्याच्या शेजारी खरं काय ते लिहायला सुरुवात केली. डावा अंडकोष शस्त्रक्रियेत. एवढे तीन शब्द झाले असतील.

त्याने माझा हात धरला. ऑगस्टमध्ये धरला होता तसाच.

"आई, नको. उद्या मॉनिटर कार्डं गोळा करतो. अख्खा वर्ग वाचतो. पहिल्या बेंचपासून शेवटपर्यंत फिरतात कार्डं." त्याचं हसणं केव्हाच गेलं होतं. "वाट लागेल माझी. प्लीज ना."

मी म्हटलं, "पण हे खोटं आहे."

"मग? सगळ्यांना अपेंडिक्स सांगितलंच ना आपण."

मी पेन खाली ठेवलं. मग तो कपाटातून खाडाखोड झाकायची पांढरी शाई घेऊन आला. चित्रकलेच्या वहीत वापरायची तीच बाटली. मी माझे तीन शब्द आणि खोडलेला एन त्याखाली झाकला आणि वाळेपर्यंत फुंकर मारत राहिले. त्याने विचारलं, वाळलं का. मी बोट लावून बघितलं. मग तिथे एन काढला. शेवटची रेघ वर नेली, तिला आकडा आला, सवयीने. खाली पालक म्हणून सही केली.

त्याने कार्ड उचलून उजेडात धरून बघितलं, ठीक आहे म्हणाला, आणि दप्तरात ठेवलं.